बोर्डावरचा रंग

"उन्हात बघू," ते म्हणायचे, आणि मशीनमधून नुकताच निघालेला तुकडा दोन्ही तळहातांवर आडवा धरून दुकानाच्या पायऱ्या उतरायचे. शाई ओली असायची, म्हणून मी मागून ओरडायचे, "काका, बोट लावू नका." ते बोट लावायचे नाहीत. आमच्या पत्र्याची सावली जिथे संपते तिथे, रस्त्याच्या कडेला जाऊन उभे राहायचे. शेजारून ट्रक जायचे, रिक्षावाले हॉर्न मारायचे, आणि हा बारीक अंगाचा माणूस मान खाली घालून हातातल्या रंगाकडे बघत राहायचा. मग तसाच आत यायचा आणि तुकडा माझ्या टेबलावर ठेवायचा. "हा नाय," म्हणायचा. आम्ही पुन्हा सुरुवात करायचो.

तलासरीच्या बाजारात आमचं डिजिटल प्रिंटिंगचं दुकान आहे. फ्लेक्स, स्टिकर, लग्नपत्रिका, दुकानांच्या पाट्या, वाढदिवसाचे बॅनर, सगळं करतो. मशीन नवरा सांभाळतो, कॉम्प्युटरवर मी बसते. तुम्ही कधी अशा दुकानात ताटकळला असाल तर पाहिलं असेल, तिथे रंगावरून वाद होत नाहीत. नाव बरोबर आलं का, आपला फोटो शेजाऱ्याच्या फोटोपेक्षा मोठा आला का, एवढं पाहून माणसं खूश होतात. रंगाबद्दल मागणी असते ती एकच, चेहरा जरा उजळ करा. तीसुद्धा आता कोणी तोंडाने करत नाही. फोटो उघडला की आमचा हात आपोआप तिकडे जातो. बारशाचं बाळ असो नाहीतर म्हातारी आजी, सगळ्यांना एकाच मापाने गोरं करून आम्ही मोकळे होतो.

काका आमच्याकडे पहिल्यांदा आले ते भर दुपारी, खताच्या रिकाम्या पिशवीत काहीतरी कोंबून. पन्नाशीचे असतील, दिसायचे मात्र बरेच म्हातारे. झरीकडच्या एका पाड्यावरचे. थोडी भातशेती, एरवी मिळेल ती मजुरी. पिशवीतून त्यांनी घडी घातलेला फ्लेक्स काढला आणि दुकानाच्या फरशीवर पसरला. येणाऱ्या-जाणाऱ्या गिऱ्हाइकांना पाय ठेवायला जागा उरली नाही, म्हणून मी आधीच वैतागले.

फ्लेक्सवर वरच्या बाजूला ओळीने पुढारी होते. उजवीकडे कमरेपासून वर, हात जोडलेला आणखी एक पुढारी, ज्याच्या सौजन्याने हा फ्लेक्स लागला होता. आणि खाली डाव्या कोपऱ्यात, त्याच्या कोपराच्या खाली मावेल एवढी, एक मुलगी. बाजूला बारीक अक्षरात लिहिलं होतं, ‘हरवली आहे’. माणूस हरवला तरी ज्याने तो फ्लेक्स केला त्याला पुढाऱ्याचं हसू काही झाकता आलं नव्हतं.

"हिला बरोबर कर," काका म्हणाले.

"काय चुकलंय? नाव?"

"नाव बरोबर हाय. फोन नंबर बरोबर हाय." त्यांनी उकिडवं बसून त्या मुलीवर हाताचा पंजा ठेवला. "पण ही माझी पोरी नाय."

मला वाटलं, माणूस जरा सरकलेला आहे. मी तशी फटकळच. म्हटलं, "काका, तुमची नाही तर मग कोणाची? हरवली कोण आहे नक्की?" त्यांनी माझ्या बोलण्याचा राग मानला नाही. पिशवीतून दुसरी प्लास्टिकची पिशवी काढली आणि तिच्यातून एक सलवार-कमीज. मोराच्या मानेवर असतो तो रंग. उजेडात हिरवा वाटावा आणि सावलीत निळा.

मग हळूहळू सगळं बाहेर आलं. मोठी मुलगी पलीकडे गुजरातेत एका कंपनीत पॅकिंगला होती. रोज शेअरच्या व्हॅनने जायची-यायची. एका शनिवारी ती कंपनीतून निघाली, पण व्हॅनमध्ये बसली नाही. यापलीकडे कोणाला काही माहीत नव्हतं. चैत्रात विवळवेढ्याच्या जत्रेतून काकांनी एकाच ताग्यातलं कापड आणलं होतं. आमच्याकडे बऱ्याच घरांत तशी रीत आहे, जत्रेचं कापड एकच घ्यायचं आणि सगळ्या बहिणींना त्यातलंच शिवायचं. हरवली त्या दिवशी मोठीच्या अंगावर त्यातला ड्रेस होता. काकांनी आणला होता तो धाकटीचा.

फोटोही जत्रेतलाच होता, पाळण्यापुढे उभं राहून काढलेला. मोबाइल स्वस्तातला, माणसाला न विचारता गोरं करणारा. त्यात फ्लेक्सवाल्याने नेहमीच्या सवयीने आणखी एक हात मारला होता. मूळची सावळी मुलगी दुधासारखी झाली होती, आणि ड्रेस शाळेच्या गणवेशासारखा गडद निळा.

"इतके दिवस हा बोर्ड लागलाय आणि तुम्ही आता येताय?" मी विचारलं.

काका सरळ माझ्याकडे बघून बोलले. आवाज चढला नाही की उतरला नाही. पलीकडच्या स्टेशनबाहेर चहाची टपरी चालवणारी एक बाई होती. काका तिथे बसून मुलीचं वर्णन सांगत होते, तेव्हा ती म्हणाली, "अशी एक पोरगी मी बघितली होती. तुमच्यासारखीच काळी, हिरवट ड्रेस. बाकावर एकटीच बसून होती, मी चहापण दिला. पण समोर तुमचा बोर्ड आहे ना, त्यावर तर गोरी मुलगी आहे निळ्या ड्रेसमधली. मला वाटलं, ही दुसरी."

टपरी आणि तो फ्लेक्स समोरासमोर होते. बाई रोज त्याच्याकडे बघत चहा गाळत होती. तिने त्या पोरीला पाहिलं होतं ते काकांची मुलगी हरवल्याच्या दुसऱ्या दिवशी. फ्लेक्स लागला त्याच दिवशी तिने फोन केला असता तर शोध तिथून सुरू झाला असता. काकांनी हे सांगितलं, आणि मला त्या हात जोडलेल्या पुढाऱ्याच्या तोंडावर शाईचा डबा ओतावासा वाटला.

त्या दिवशी मी लग्नाचा एक बॅनर बाजूला ठेवला आणि काकांचं काम हातात घेतलं.

रंग जुळवणं हे बाहेरून वाटतं तेवढं सोपं नसतं. कॉम्प्युटरचा पडदा रंग दाखवतो तो उजेडाने, आणि मशीन छापतं ते शाईने. पडद्यावरचा झगझगीत रंग शाईत उतरला की मंदावतो. त्यातून हा मोरपिशी म्हणजे आमच्या मशीनचा जुना वैरी. जरा इकडे सरकला की निळा, जरा तिकडे सरकला की शेवाळी, आणि दोन्ही टाळावं तर मळकट. मी एका पट्टीवर लहान-लहान चौकोन छापले, प्रत्येकात शाई थोडी कमी-जास्त. ट्यूबलाइटखाली ड्रेस त्यांच्याशेजारी धरला आणि म्हटलं, "हा घ्या, तिसरा. तंतोतंत."

"उन्हात बघू," काका म्हणाले. ते मी ऐकलं ते पहिल्यांदा. उन्हात तिसरा चौकोन निळा दिसत होता.

"काका, थोडाफार फरक राहणारच. मशीनला याहून पुढे जमत नाही."

"बोर्ड उन्हातच लागणार ना, ताई?"

मी पुन्हा पट्टी काढली, ते पुन्हा बाहेर गेले. नवरा मशीनमागून माझ्याकडे डोळे वटारून बघत होता. शेवटी जो चौकोन उन्हात ड्रेसशी मिळाला तो दुकानाच्या ट्यूबलाइटखाली भलताच पोपटी दिसत होता. काकांना त्याची पर्वा नव्हती.

चेहऱ्याचं काम त्याहून अवघड निघालं. मोबाइलने आधीच सगळं धुऊन टाकलं होतं, खालचा खरा रंग उरलाच नव्हता. कापडाला कापड होतं नमुन्याला, कातडीला काय आणणार? मी अंदाजाने सावळं केलं. "हा नाय." आणखी थोडं. "आता मेल्यावानी दिसते," काका म्हणाले. मग त्यांनी शर्टाची बाही वर सारली आणि आपला हात टेबलावर, कीबोर्डच्या शेजारी ठेवला.

"ती माझ्यावर गेलीय. हा घे."

पुढचा सगळा वेळ तो हात तिथे होता. मी एकदा हाताकडे बघायचे, एकदा पट्टीकडे. कोपराच्या आतल्या बाजूला, जिथे ऊन लागत नाही तिथला रंग धरला, कारण मुलगी कंपनीत सावलीत काम करायची. हे त्यांनीच सुचवलं. नवा बोर्ड छापून झाला तेव्हा त्यांनी तो उन्हात नेला आणि बराच वेळ आत आले नाहीत. मी बाहेर जाऊन पाहिलं तर फ्लेक्स रस्त्यावर उघडा धरून ते त्याच्याशी काहीतरी बोलत होते, त्यांच्या घरच्या बोलीत. मी मागे फिरले.

त्या दिवसापासून काका आमचे झाले. दोन-अडीच फुटांचे लहान बोर्ड घेऊन जायचे आणि तारेने खांबाला बांधायचे. तलासरीचा नाका, अच्छाडचा रस्ता, पलीकडची स्टेशनं, कंपन्यांची फाटकं. खालचा मजकूर मी मराठीत आणि गुजरातीत करून दिला होता. पण आमच्याकडचं ऊन तुम्हाला माहीत आहे, आणि फ्लेक्सची शाई काही फार टिकाऊ नसते. उन्हाने आधी लाल उडतो, मग पिवळा, शेवटी नुसता निळसर डाग उरतो. मुलगी निळी पडायला लागली की काका बोर्ड सोडून आणायचे, जुना माझ्यासमोर पसरायचे आणि नवा मागायचे. धाकटीचा ड्रेस दर वेळी बरोबर असायचा. नमुन्याचा रंग जाऊ नये म्हणून घरी तो धुवायलाही बंदी होती, घालणं तर लांबच.

रिकाम्या हाताने मात्र ते कधी आले नाहीत. पावसाळ्याच्या तोंडावर रानातली शेवळं आणायचे, नंतर काकड्या, कंटोळी. पहिल्या वेळी शेवळं दिली, पण त्यांची खाज मारायला त्यात घालतात ती आंबट काकडं द्यायची विसरले. मी डहाणूला घरी जाऊन हौसेने भाजी केली आणि नवरा रात्रभर घसा खाजवत बसला. पुढच्या फेरीला त्यांना सांगितलं तर आमच्या ओळखीत पहिल्यांदा ते हसले. "शेठ बोलतो जास्त," म्हणाले, "बरं झाला." नवऱ्याने ते ऐकलं आणि त्यालाही हसू आलं.

एकदा मात्र मी त्यांच्यावर भयंकर चिडले. नरपडचा एक बागवाला चिकूच्या खोक्यांसाठी स्टिकर न्यायला आला होता. ढीगभर स्टिकर छापून, कापून तयार. तो उचलणार एवढ्यात कोपऱ्यात फ्लेक्सच्या रोलच्या जाड पुठ्ठ्याच्या नळकांड्यावर बसलेले काका म्हणाले, "शेठ, उन्हात बघा." त्याने बघितलं. आत आला आणि म्हणाला, हा चिकू नाही, बटाटा आहे. सगळं काम परत करावं लागलं. खरं सांगायचं तर रंग ठीक होता. काकांना चिकूतलं काही कळत नव्हतं, त्यांच्या डोंगराकडे चिकूच्या बागा नाहीत. बागवाला गेल्यावर मी म्हटलं, "तुम्ही दुकानात बसायचं तर तोंड बंद ठेवून बसा." ते म्हणाले, "त्याचे खोक्यावर चुकीचा गेला असता, तर?" त्यांना खरोखरच वाटत होतं की चुकीच्या रंगाने कोणाचंही काहीही हरवू शकतं. मी पाठ फिरवून पुन्हा स्टिकर कापायला बसले, ते मात्र जाताना नेहमीसारखं "येतो, ताई" म्हणून गेले.

असे दोन पावसाळे गेले. मग दिवाळीनंतर एका सकाळी ते आले तेव्हा हातात ना जुना बोर्ड होता ना भाजी. ड्रेसची पिशवी होती आणि एक खाकी पाकीट.

पलीकडच्या एका पोलीस चौकीत नवा हवालदार बदलून आला होता. चौकीसमोरच्या खांबावर आमचा बोर्ड होता, तो त्याच्या रोज नजरेस पडायचा. जुनी कागदपत्रं लावताना त्याला खाडीत सापडलेल्या एका बेवारस मुलीची नोंद दिसली. ती सापडली होती ती काकांची मुलगी हरवली त्याच महिन्यात. तेव्हा पोलिसांनी हरवलेल्यांची वर्णनं ताडून पाहिली होती. पण काकांच्या मुलीचं वर्णन कोणीतरी त्या पहिल्या फ्लेक्सवरून उतरवून घेतलं होतं, वर्ण गोरा, ड्रेस निळा. खाडीतली मुलगी सावळी होती. जुळलं नाही. ओळख पटवायला कोणी आलं नाही, म्हणून काही दिवसांनी नियमाप्रमाणे तिच्यावर अंत्यसंस्कार झाले आणि कपडेही तिच्याबरोबर गेले. मागे उरला होता फक्त एक फोटो. आमच्या बोर्डावरचा सावळा वर्ण पाहून त्या हवालदाराच्या मनात शंका आली आणि त्याने काकांना बोलावून घेतलं.

काकांनी पाकिटातून त्या फोटोची प्रिंट काढून माझ्यासमोर ठेवली. शवागारातल्या पिवळ्या दिव्याखाली काढलेला फोटो, ऑफिसच्या साध्या प्रिंटरवर छापलेला. सगळंच तपकिरी. पाण्यात राहिल्यामुळे चेहऱ्यावरून ओळख पटण्यासारखी नव्हती. अंगावरचा ड्रेस ओल्या मातीच्या रंगाचा.

"मी त्याला बोललो, ही नाय. तो बोलला, घाई नको, नीट बघून ये." काकांनी फोटो माझ्याकडे सरकवला. "ताई, ह्याचा रंग बरोबर कर."

नवरा मशीन बंद करून पुढे आला आणि हळूच म्हणाला, "नको करूस तू हे." त्याचं म्हणणं मला पटत होतं. पण काका आधीच नळकांड्यावर बसले होते, ड्रेस मांडीवर घेऊन.

मी फोटो स्कॅन केला. अशा फोटोत एखादी खात्रीची पांढरी गोष्ट असली तर काम सोपं होतं. कॉम्प्युटरला फक्त दाखवायचं की हे पांढरं आहे, बाकीचे रंग तो त्यावरून आपापल्या जागी नेतो. मुलीच्या खाली चादर होती. फोटोत ती मोहरीच्या तेलासारखी पिवळी दिसत होती, पण चादर पांढरीच असणार. मी तिच्यावर क्लिक केलं.

जो रंग आणण्यासाठी मी इतके दिवस शाईशी झगडत होते तो एका क्षणात पडद्यावर आला. गळ्यापासून गुडघ्यापर्यंत मोरपिशी.

काका उठून माझ्या खुर्चीमागे आले. पडद्यावर त्यांचा कधीच विश्वास नसायचा. या वेळी ते बघत राहिले.

"ही चादर पांढरीच होती?"

"हो, काका."

"पिवळी नसेल?"

"शवागारात पिवळी चादर नसते, काका."

ते पुन्हा जाऊन बसले. मी रडले, दुकानात गिऱ्हाईक होतं तरी रडले. काका रडले नाहीत. नवऱ्याने त्यांना पाणी दिलं, ते त्यांनी हातात धरून ठेवलं. मुलगी खाडीत कशी पोचली, तिच्याबरोबर कोण होतं, कोणी काय केलं, हे आजतागायत कळलेलं नाही. कळलं एवढंच की फोटोतली ती आहे. म्हणजे ती नाही.

थोड्या वेळाने त्यांनी प्रिंट मागितली. मी काढून दिली. त्यांनी ती ड्रेसला लावून पाहिली, मग मला परत केली, आणि पोलिसांनी दिलेली तपकिरी प्रिंट पाकिटात नीट ठेवली.

"तो तुझ्यापाशी राहू दे. घरी हा दाखवतो. पोरीची आय बोलेल, आपली नाय."

"काका, मावशींना सांगायला नको का?"

"अजून ती रातचे दाराला कडी लावत नाय, ताई." मग ड्रेसची घडी घालत म्हणाले, "तू पण काय बोलू नको."

दुसऱ्या दिवशी ते एकटेच चौकीवर जाऊन, ही आपलीच म्हणून अंगठा देऊन आले. खाडीवर जाऊन नारळ सोडला. पोलिसांना सांगून ठेवलं की घरी फोन करायचा नाही. हे सगळं त्यांनी मला नंतर सांगितलं, कारण आता ते फक्त मलाच सांगण्यासारखं होतं.

मला वाटलं होतं काका आता येणार नाहीत. पण पुढच्या उन्हाळ्यात ते आले, निळे पडलेले बोर्ड पिशवीत घेऊन.

"आता कशाला, काका?"

"बोर्ड उतरला तर ती विचारेल."

"मग हेच राहू देत ना. काय फरक पडतो?"

"ती बाजाराला येते तवा बघते. रंग उडालेला बोर्ड दिसला तर तिला वाटेल, मी सोडून दिला."

त्यानंतर आम्ही दोघं मिळून ते खोटं काम करत राहिलो, आणि खऱ्या कामाइतक्याच निगुतीने केलं. मी पट्टी काढायचे, ते रस्त्यावर घेऊन जायचे, "हा नाय" म्हणायचे. शाईची कंपनी बदलली तेव्हा सगळा रंग पुन्हा पहिल्यापासून जुळवावा लागला, तेव्हाही त्यांनी एवढीशी सूट दिली नाही. लोकांचे फोन यायचे, कोणीतरी कुठेतरी तशी मुलगी पाहिलेली असायची. काका त्यांचं ऐकून घ्यायचे, हो हो म्हणायचे. मला कधी कधी त्यांचा राग यायचा. वाटायचं, जिवंत बाईला असं टांगून ठेवायचा यांना काय हक्क आहे? आणि मग ते बोर्डाच्या घड्या घालत बसलेले दिसले की राग कुठे जायचा कळायचं नाही. ते झपाट्याने उतरत चालले होते. गळ्याची हाडं वर आली होती.

या वर्षी थंडी संपली तरी ते आले नाहीत. नाक्यावरचा बोर्ड निळा पडला. मी जाता-येता बघायचे आणि म्हणायचे, येतील आता.

एका दुपारी त्यांच्याऐवजी त्यांची बायको आली. आम्ही कधी भेटलो नव्हतो, पण तिच्या हातातली खताची पिशवी मी ओळखली. कपाळ मोकळं होतं. तापाचं निमित्त झालं, सरकारी दवाखान्यात नेईपर्यंत आटोपलं, असं तिने सांगितलं. मी तिला खुर्ची दिली, चहा मागवला. मनात एकच होतं, आता ही बोर्ड मागणार, आणि हे खोटं मला एकटीला पुढे चालवावं लागणार.

तिने पदराच्या गाठीतून काकांचा ओळखपत्राचा फोटो काढला. मग पिशवीतून आमचाच एक जुना बोर्ड.

"दोघांचा एकातच कर, ताई. घरात लावायला. हार दोघांना घाल."

माझा हात माउसवरच राहिला. "मावशी, मुलीला हार कशाला? अजून तर…"

"मना म्हायती हाय."

"काकांनी सांगितलं?"

"त्यानं तो फोटो दाखवला ना, तवाच कळला." तिने आपल्या दंडावर आडवी रेघ ओढून दाखवली. "कापड कमी पडला. मोठीचे बाहीला जोड लावला, मीच, हातानं. धाकटीचे बाहीला नाय."

मी खणातून ती रंग सुधारलेली प्रिंट काढली. इतक्या वेळा मी ती पाहिली होती. जोड तिथेच होता, बाहीच्या मधोमध, धावदोऱ्याची वाकडी शिवण. तपकिरी फोटोतही तो तेवढाच स्पष्ट दिसला असणार. काका आणि मी रंग बघत बसलो होतो.

"मग त्यांना सांगितलं का नाही?" मी विचारलं. "एवढे दिवस ते बोर्ड बदलत फिरले, मावशी."

तिने चहाचा ग्लास खाली ठेवला.

"कसा सांगू? बोर्ड लावायला जायचा त्या दिवशी तेवढा पोटभर जेवायचा."